फ्रीजरमध्ये ठेवलेलं सोनं काळं पडलं. जाणकारांनी सांगावं

काळबादेवीकर

नमस्कार मंडळी. मी विज्ञानातला नाही, सोनारकीतला. झवेरी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा दागिने घडवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय चौदाची खोली, चार कारागीर आणि मी. आजोबा राजापूरहून आले तेव्हापासून घरात सोनं आहे, म्हणजे लोकांचं. सोन्याबद्दल मला आता कोणी काही नवीन सांगेल असं वाटत नव्हतं. सांगितलं ते पोटच्या पोरीनं.

लेक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. मागच्या गुरुवारी प्रॅक्टिकल संपवून घरी आली ती पर्समध्ये एक छोटी काचेची बाटली घेऊन. आत वीस मिली लाल पाणी. लालभडक नव्हे, कोकमाचं आगळ पाण्यात सोडलं की पहिल्या क्षणी जो रंग पसरतो, तो. म्हणाली, "बाबा, हे सोनं." मी म्हटलं, "कुठल्या पेढीवरचं?" तर चिडली. मग बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. पाणी आरपार स्वच्छ, तळाशी गाळ नाही, चकाकी तर नावाला नाही. आमच्याकडे माणूस काही आणून म्हणाला की हे सोनं, तर आधी कसोटीवर रेघ ओढायची. पाण्याची रेघ कशी ओढणार?

तिनं बाटली फ्रीजच्या दारात ठेवली. तिथून पुढे माझी आई. वय ८१, फ्रीज आवरणं हा तिचा रोजचा उद्योग. कोकम सरबत आंबून जाईल म्हणून तिनं बाटली उचलून वरच्या बर्फाच्या कप्प्यात सारली. सकाळी लेकीनं बाहेर काढली तेव्हा आत घट्ट बर्फ. बर्फ वितळला तर वर बिनरंगी पाणी आणि तळाला काळपट निळा गाळ. तिनं हलवलं, ढवळलं, गरम पाण्यात धरलं. लाल रंग काही परत आला नाही. पोरगी दोन मिनिटं रडली, मग आजीकडे बघून हसायला लागली.

माझे प्रश्न असे. सोनं लाल होतंच कसं? तांबं घातलं की लालसर होतं ते मला माहीत आहे, पण तिनं तांबं घातलेलं नाही. ते किती कॅरेटचं म्हणायचं? बर्फ झाला म्हणून सोनं काळं पडलं, हे आमच्या धंद्यात कुणी सांगितलं तर आम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवतो. सोनं काळं पडत नाही हीच तर त्याची किंमत. आणि शेवटचं, त्या गाळात सोनं अजून आहे का? आमच्या इथला केरसुद्धा त्यातलं सोनं काढायला झारेकरी विकत नेतात, तेव्हा हा गाळ बेसिनमध्ये ओतायला हात धजावत नाही.

लेकीला विचारलं तर म्हणते, "बाबा, सरफेस प्लाझ्मॉन." एवढं बोलून क्लासला गेली.

चेंबूरचा_जुना

काळबादेवीकर, आधी रागावतो, मग सांगतो. प्रयोगशाळेतली बाटली घरी, आणि तीही खाण्याच्या वस्तूंशेजारी? माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली. अशा गोष्टीवरून मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं आहे. आजींनी ते ग्लासात ओतून कुणाला दिलं असतं तर? लेकीला माझा निरोप द्या.

आता सोनं. ते शंभर नंबरी आहे, तुमच्या भाषेत चोवीस कॅरेट. मुलीनं केलेली कृती १९५१ सालापासून टर्केविच या रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखतात. सोनं शुद्ध करायला तेजाबात टाकता तेव्हा जो पिवळा द्राव होतो, साधारण तोच पदार्थ अगदी पातळ करून उकळायचा आणि त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं. पिवळा रंग जातो, पाणी बिनरंगी होतं, मग करडं-निळं, आणि दहा मिनिटांच्या आत लाल. सुटे झालेले सोन्याचे अणू एकमेकांना चिकटून कण बनतात आणि सायट्रेट त्या कणांना बाहेरून वेढून त्यांची वाढ थांबवतं. कण साधारण १३ नॅनोमीटरचे, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोन्याचा वर्ख तुम्ही हाताळता, तो साधारण १०० नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे वर्खाच्या जाडीत हे कण एकावर एक सात-आठ बसतील.

तुमच्या हिशेबात सांगतो. नेहमीच्या मापानं केलं असेल तर वीस मिलीत सोनं चार मिलिग्रॅमच्या आसपास, गुंजेचा तिसावा भाग. त्याचा एक मणी केला तर पाऊण मिलिमीटरचा होईल. तेवढ्याच सोन्याचे तिनं पावणेदोनशे लाख कोटी कण केले. मण्याच्या सगळ्या बाजू मिळून पृष्ठभाग दोन चौरस मिलिमीटरही भरत नाही. कणांचा मिळून भरतो दीड ए-फोर कागदाएवढा. वजन तेच, पण अंग छप्पन हजार पटींनी उघडं पडलं.

लाल का, ते सांगतो. गिरगाव-काळबादेवीचे आहात, तर लहानपणी नळ आल्यावर कळशी भरून चाळीचा जिना चढला असालच. कळशीतलं पाणी आपल्या चालीनं हिंदकळतं. पावलं त्या चालीला जुळली की काठावरून सांडतं, नाही जुळली तर काही होत नाही. धातूतले काही इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचे नसतात, कळशीतल्या पाण्यासारखे मोकळे असतात. प्रकाशाची लाट या कणापेक्षा चाळीसपट लांब, त्यामुळे ती आली की सबंध कणावर एका वेळी एकाच बाजूची ओढ बसते. इलेक्ट्रॉनांचा ढग एका काठाकडे झुकतो, मागे येतो, दुसऱ्या काठाकडे जातो. सोन्याच्या बारीक कणात हे हिंदकळणं सेकंदाला पावणेसहाशे लाख कोटी वेळा होतं, आणि ही चाल नेमकी हिरव्या प्रकाशाची, ५२० नॅनोमीटरच्या आसपासची आहे. म्हणून हिरवा गिळला जातो. निळा प्रकाश तर सोनं तसाही खातं, त्यामुळेच लगड पिवळी दिसते. दोन्ही गेले, उरला तांबडा. लेकीचं 'सरफेस प्लाझ्मॉन' ते हेच. लगडीत हे का दिसत नाही? तिथे काठ इतके लांब की सगळा ढग एकत्र हिंदकळतच नाही.

तांब्याचा संबंध नाही. चांदीचे असेच कण केले तर त्यांची चाल ४०० नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे जांभळ्याकडची. जांभळा गेला की द्राव पिवळा दिसतो. सोनं लाल आणि चांदी पिवळी. बाजारात सांगू नका, भांडणं होतील.

आता फ्रीजर. सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. पाणी गोठताना बर्फाच्या स्फटिकाला आत परका नको असतो. तो कणांना आणि क्षारांना उरलेल्या पाण्याकडे रेटत जातो. शेवटी त्या चिंचोळ्या फटीत सगळे एकमेकांवर येतात आणि चिकटतात. सोन्याला सोनं एकदा भिडलं की ढवळून सुटत नाही. चिकटलेल्या कणांचे इलेक्ट्रॉन मिळून हिंदकळतात, चाल मंदावते आणि हिरव्याऐवजी तांबडा गिळला जातो. म्हणून निळं, गोळे मोठे झाले की काळपट. गंज नाही, डाग नाही, कळा गेली इतकंच. चिमूटभर मीठ टाकलं असतं तरी हेच झालं असतं, कारण मिठामुळे कणांमधली ती ढकलाढकल झाकली जाते. हा लाल रंग सोन्याच्या बारीक कणांचा, हे मायकेल फॅरडेनं १८५७ साली लंडनला व्याख्यानात मांडलं होतं, मीठ टाकल्यावर लालचं निळं होतं ते धरून. त्याच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत, आजही लाल. तिथल्या फ्रीजला आजी नव्हती. गणित मात्र पन्नास वर्षांनी, १९०८ मध्ये, गुस्टाव मी या जर्मन शास्त्रज्ञानं केलं.

गाळात सोनं पूर्ण आहे. फेकू नका.

अभि_घाटकोपर

काका, मस्त धागा! याला क्वांटम डॉट म्हणतात ना? २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच विषयाला होतं. कण लहान की एक रंग, मोठा की दुसरा. क्यूएलईडी टीव्हीत हेच असतं. म्हणजे तुमच्या आजींनी बिचाऱ्या कणांचा आकार वाढवून टीव्हीचा रंग बदलला 😄

चेंबूरचा_जुना

अभि, नोबेल बरोबर, पण गोष्ट वेगळी. सगळेच घोटाळा करतात म्हणून लिहितो.

एकिमोव, ब्रुस आणि बावेंडी यांना पारितोषिक मिळालं ते अर्धवाहकाच्या (सेमिकंडक्टरच्या) कणांसाठी, उदाहरणार्थ कॅडमियम सेलेनाइड. त्यात इलेक्ट्रॉन एकटा, छोट्या डबीत कोंडलेला असतो. डबी जितकी लहान तितकी त्याची ऊर्जेची पायरी उंच. लहान बासरीचा सूर चढा लागतो, तसं. दोन नॅनोमीटरचा कण निळा उजळतो, सहाचा लाल. तिथे रंग खरोखर आकारमानाचा आहे आणि तो प्रकाश कण स्वतः बाहेर टाकतो.

सोन्यात तसं नाही. १० चा कण घ्या की ३० चा, द्राव लालच. गिळला जाणारा रंग जेमतेम सरकतो. रंग बदलतो तो दोन कणांमधल्या अंतरानं आणि कणाच्या घडणीनं, गोल आहे की काडीसारखा लांबुळका, यानं. आजींनी कण मोठे केले नाहीत, शेजारी बसवले.

हे अंतराचं प्रकरण मुंबईतच फार पुढे नेलं गेलंय. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१९ साली 'काळं सोनं' बनवलं. वाळूच्याच जातीच्या सिलिकाचे झुडपासारखे फांद्याफांद्यांचे गोळे, आणि त्यांवर सोन्याचे कण इतके खेटून बसवलेले की कुठे अंतर कमी, कुठे जास्त. प्रत्येक फटीची चाल निराळी, त्यामुळे दिसणारा सगळा प्रकाश आणि उष्णतेकडचाही काही भाग गिळला जातो. दिसतं काजळासारखं. ते उन्हाच्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडचं इंधन करायला वापरून पाहिलं. त्यांनी जाणूनबुजून केलं ते तुमच्या फ्रीजरमध्ये ओबडधोबड झालं.

किटवाली_रबाळे

काळबादेवीकर दादा, तुमच्या बाटलीतलं पाणी मी रोज बघते, पगार घेऊन 🙂 रबाळे एमआयडीसीत तपासणीच्या पट्ट्या बनतात, तिथे गुणवत्ता विभागात आहे. गरोदरपणाची पट्टी आणि कोविडच्या वेळची नाकातली अँटिजेन चाचणी, त्यात जी लाल रेघ उमटते ना, ती बहुतेक किटमध्ये सोन्याचीच. म्हणजे २०२१ मध्ये घराघरांत लोकांनी सोनं कचऱ्यात टाकलं, फक्त झारेकऱ्याला परवडणार नाही इतकं कमी.

आमचे कण मोठे, ४० नॅनोमीटरच्या आसपासचे. त्यांवर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) चढवायची आणि पट्टीच्या सुरुवातीच्या पॅडवर वाळवायचे. थेंब टाकला की ते ओलसर होऊन पुढे वाहतात. नमुन्यात विषाणूचा अंश असेल तर तो कणाला चिकटतो, आणि रेघेवर आधीच बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्या दोघांना पकडून ठेवतात. लाखो कण एका रेघेत अडकले की डोळ्याला लाल दिसतं. दिवा नको, यंत्र नको. 'सी'ची रेघ उमटते ती फक्त पाणी पुढे वाहिलं आणि कण शाबूत आहेत हे सांगायला. आणि निकाल बघायचा तो पाकिटावर दिलेल्या वेळात. तासाभरानं वाळल्यावर पुसट रेघ दिसली म्हणून आनंदाचे फोन करणारे असतात, त्यांना काय सांगणार.

मिठाचं चेंबूरच्या सरांनी लिहिलं, ती तर आमची रोजची परीक्षा. प्रतिपिंडं नीट बसली का ते बघायला थोडा द्राव घेऊन त्यात दहा टक्के मिठाचं पाणी टाकायचं. लाल राहिला तर कण पूर्ण झाकलेला, पुढे जाऊ द्या. जांभळा झाला तर उघडा राहिलाय. मी नवीन असताना एकदा सकाळी सबंध फ्लास्क वांग्याच्या रंगाचा झाला होता. दोन दिवस शोधलं. कोणीतरी तो नुसत्या नळाच्या पाण्यानं विसळला होता! तेव्हापासून काच अम्लराजानं, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या तेजाबानं, धुवायची, मग शुद्ध पाण्यानं, आणि त्याची सही वहीत. सही नसेल तर मी फ्लास्कला हात लावत नाही, वरिष्ठ उभे असले तरी.

पावसाळ्यात तर विचारूच नका. पट्टी दमट झाली की संपली, म्हणून ती बनते त्या खोलीतली हवा कोरडी ठेवायची यंत्रं चोवीस तास चालू. बाहेर रबाळ्यात गुडघाभर पाणी आणि आत आमचे ओठ फुटतात. गारव्यात ठेवायला हरकत नाही, पण डब्यावर आम्ही मोठ्या अक्षरात लिहितो, गोठवू नये. तुमच्या आईंचा नंबर द्या, लेबल लावायला घेऊ.

काळबादेवीकर

सर, ताई, खूप आभार. कळशीचं वाचून मी दोनदा वाचलं. आम्ही चाळीतच वाढलो, दुसऱ्या मजल्यापर्यंत निम्मी कळशी पायावर सांडायची आणि आई ओरडायची. तेव्हाची आई, आत्ताची आजी, तीच.

एक विचारायचं राहिलं. दोन महिन्यांपूर्वी एक विक्रेता कारखान्यात आला होता, 'नॅनो गोल्ड' म्हणून मुलामा द्यायचा द्राव घेऊन. म्हणे यानं मुलामा वर्षानुवर्षं जात नाही. मी दोन बांगड्यांवर करून घेतला. महिन्याभरात मनगटाला घासणारी बाजू पितळेची दिसायला लागली. गिऱ्हाईक ओळखीचं होतं म्हणून निभावलं. नॅनो म्हटलं की टिकाऊ, असं काही असतं का?

चेंबूरचा_जुना

नसतं. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर. मुलामा 'नॅनो' आहे याचा सरळ अर्थ तो पातळ आहे. 'नॅनो' म्हणण्यात विक्रेता खोटं बोलला नाही, तुम्ही कौतुक समजलात; टिकण्याचं मात्र खोटं.

उलट इतक्या बारीक आकारात सोनं आपली स्थिरता सोडतं, हे तुमच्यासारख्यानं लक्षात ठेवावं. १३ नॅनोमीटरच्या कणात साधारण ६८ हजार अणू असतात, आणि दहातला एखादाच बाहेरच्या अंगाला. तीन नॅनोमीटरवर आलात की निम्म्याच्या जवळपास अणू बाहेर. बाहेरच्या अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी नसतात, त्याची पकड सैल असते. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, वितळणं. तुमची लगड १०६४ अंशांना वितळते, दोन-तीन नॅनोमीटरचे कण त्याच्या शेकडो अंश आधीच. चांदीच्या बारीक कणांची लुकण हल्ली इलेक्ट्रॉनिक्समध्ये डाक लावायला, म्हणजे सुटे भाग सांधायला, वापरतात. अडीचशे अंशांच्या आसपास कण एकमेकांत जुळून येतात, आणि नंतर तो सांधा नेहमीच्या चांदीसारखा तापमान सोसतो. तुमच्या डाकेच्या बरोबर उलट. दोन, सोनं कशाला लागत नाही ही म्हणही तिथे खोटी पडते. १९८७ मध्ये जपानच्या मासातके हारुता यांनी दाखवलं की काही ऑक्साइडांवर बसवलेले सोन्याचे बारीक कण विषारी कार्बन मोनॉक्साइडला शून्य अंशाखालीही ऑक्सिजनशी जोडून देतात. लगड हे जन्मात करणार नाही.

गाळाचं काय केलंत?

काळबादेवीकर

तेच सांगायला आलो. रविवारी कारखाना बंद असतो, लेकीला घेऊन गेलो. गाळ तिनं गाळणकागदावर घेतला, वाळू दिला. कागदावर जांभळट काळा डाग, त्याला सोनं म्हणायला जीभ वळेना. कागदाची पुडी केली, कोळशावर ठेवली, वर चिमटीभर सवागी, म्हणजे टाकणखार, आणि ज्योत बारीक करून फुंकणीनं हळूहळू झोत दिला. जोरात दिला असता तर एवढंसं सोनं उडूनच गेलं असतं. कागद जळला, राख झाली, सवागी फुगली, मग काचेसारखी पसरली. मला वाटलं संपलं. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, ते काय?" सवागीच्या थेंबात एक ठिपका होता, गोल, तापून पांढरट पिवळा. झोत काढला तसा तो एकदा लुकलुकला आणि घट्ट झाला.

खसखशीच्या दाण्याएवढा मणी. बारीक काट्यावर ठेवला, ३ मिलिग्रॅम. चारातला एक कागदात, सवागीत, कुठेतरी गेला असेल; आमच्या धंद्यात एवढी घट धरतात. कसोटीवर रेघ ओढायला चिमट्यात धरवेना, भिंगातून बघितला. पिवळा. आपला नेहमीचा.

मग लेकीनं मला वर्खाचं पान काचेवर घालून खिडकीला धरायला लावलं. तीस वर्षं वर्ख हाताळतोय, उजेडाच्या आड धरून कधी बघितला नव्हता. वरून सोनेरी, आणि आरपार बघितलं तर समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे सगळे हिरवे.

मणी एका डबीत ठेवलाय. डबीवर आईनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली आहे, "सरबत नाही".